चुकांची वजाबाकी

वुपर्टालला नदी खालून वाहते
आणि तिच्या डोक्यावरून गाडी टांगलेली जाते.
परगावचे लोक फोटो काढतात. आम्ही पिशवी मांडीवर घेऊन
पेंगतो.

डोंगरावरच्या विद्यापीठात, खिडकी नसलेल्या खोलीत,
मी इरिडियम आणि हायड्रोजनचा संसार मांडते.
त्याचे सत्याहत्तर इलेक्ट्रॉन, तिचा एक.
आतले साठ मी एका टोपीखाली झाकून ठेवते,
त्यांना बाहेरच्या जगाशी घेणंदेणं नाही.
उरले सतरा, आणि एक पाहुणा.
या अठरा जणांचा हिशेब यंत्रं चार दिवस, चार रात्री करतात
आणि पाचव्या पहाटे पडद्यावर एक वाक उमटतो:
फार जवळ आले तर ढकलतील, फार लांब गेले तर विसरतील,
मध्ये एक खळगी, तिच्यात दोघं थरथरत बसलेले.
तिच्याही वर दुसरी खळगी, तिसरी.
वरून खाली उतरताना रेणू उजेड टाकतो.
कोणत्या रंगाचा, ते आधी सांगायचं. एकवीस वर्षं
हाच माझा धंदा.

लॉर्न मॅकेचर्न फ्रेडरिक्टनला असतो, अटलांटिकपलीकडे.
कांडीवर लेसर मारतो, धातूची वाफ पोकळीत फुंकतो,
आणि पापणी लवायच्या आत
एक रेणू जन्मतो नि संपतो.
"कुठे बघू ते सांग," त्याने लिहिलं, "नाहीतर
सगळा वर्णपट चाळण्यात हाही हिवाळा जाईल."
मी म्हटलं, नारिंगीच्या शेवटच्या घरी बघ,
लालचं दार लागायच्या आधी.

नऊ आठवड्यांनी छायाचित्र आलं. काळ्यावर एक ठिपका,
राखेतल्या शेवटच्या निखाऱ्यासारखा,
आणि खाली आलेख: रेषा, रेषा, रेषा,
कंगव्याच्या दातांसारख्या, एका टोकाला दाटलेल्या.
माझ्या आकड्यापासून जेमतेम बारा तरंगांक!
आम्ही खालच्या बेकरीतून चेरीचा केक आणला.
कुणीतरी तळवा पुढे केला, बाई, माझ्याही रेषा बघा.

मग गेशे ओल्टमान्स आली, समुद्रकाठच्या सपाट मुलखातली,
चहात खडीसाखर घालून मुळीच ढवळायचं नाही, अशा हट्टाची.
तिने विचारलं, फलनांचा संच मोठा घेतला तर?
म्हटलं, घे. आकडा हलणार नाही.

हलला.
तीनशे सत्तरने घसरला, थेट लालच्या माजघरात.

दोन दिवस मी चूक शोधली, आधी तिच्या कामात,
मग माझ्या. माझ्यातच सापडली, आणि एक नव्हे, दोन.
छोट्या संचाने पातळी जितकी वर ढकलली होती
तितकीच मी ती खाली ओढली होती,
स्पिन आणि कक्षा यांचा गुंता अर्धाच सोडवून.
देणं आणि येणं आपसात फिटलं
नि वहीत शिल्लक बरोबर.

लॉर्नला सगळं कळवलं, केकसकट.
उत्तर एका ओळीचं: "रेणू तर तिथेच आहे."

आहेच. त्याला ना माझा संच माहीत, ना टोपीखालचे साठ.
तो खळगीत उतरतो तेव्हा कुणाला विचारत नाही.
मला मात्र विचारत विचारतच उतरावं लागतं, पायरी पायरी,
आणि ज्या पायरीवरून मी पोचले
ती भिंतीवर रंगवलेली होती.

आज संध्याकाळी गेशेने तिसरा हिशेब रांगेत लावला.
पुढे हवामानवाल्यांची एकशे चाळीस कामं.
"हा बहुतेक आणखी चुकेल," ती म्हणाली,
"पण कुठे चुकला ते दिसेल."
तिने कढत चहा ओतला, पेल्यात खडीसाखर तडकली.
मी लेखातला "अचूक" हा शब्द खोडला.
त्या जागी काय लिहायचं
ते शेवटची गाडी जाईपर्यंत सुचलं नाही.